संशय कुणावर आणि कशावरून: नेरूळमधल्या एका रहस्यपटाचा प्रकरण अभ्यास

ड्राफ्टच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी होती. सोसायटीतल्या चौदा जणांना नावं होती, आडनावं होती, दोघांना तर घरच्या हाकेची नावंसुद्धा होती. त्याखाली ओळीने लिहिलं होतं: वॉचमन, कामवाली, भंगारवाला, गाववाला. मी ही यादी ठाण्याहून सुटलेल्या नेरूळ गाडीत वाचली, ऐरोली यायच्या आत पान उलटलं आणि मला काहीही खटकलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे बदललं ते माझ्यामुळे सुरू झालं असा समज व्हायला नको. ते सुरू केलं वेशभूषा विभागातल्या एका मुलाने. तो करावे गावचा, आगरी. त्याने मला विचारलं, "ताई, या गाववाल्याचं नाव काय? नाव कळल्याशिवाय मी त्याला शर्ट कुठला देऊ?"

चित्रपट छोट्या बजेटचा, मराठी, रहस्यपट. संवाद नीट करून द्यायला मला तिसऱ्या ड्राफ्टच्या वेळी बोलावलं होतं. काम अजून चालू आहे, त्यामुळे चित्रपटाचं किंवा कुणाचंही नाव इथे देत नाही. पण जे घडलं ते तपशिलात लिहून ठेवावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे प्रतिनिधित्वाची चर्चा नेहमी 'कोण दिसलं, कोण नाही' इथपर्यंत येऊन थांबते. रहस्यपटात तेवढ्याने भागत नाही. तिथे माणूस पडद्यावर दिसतो तोच मुळी संशय घेण्यासाठी.

गोष्ट अशी. नेरूळच्या खाडीकडच्या एका सेक्टरमधली जुनी सोसायटी, पुनर्विकासावरून दोन तट पडलेले. कोजागरीची संध्याकाळ. गच्चीवर मसाला दुधाची तयारी चाललेली. सोसायटीच्या खजिनदार, निवृत्त शिक्षिका, काही कागद आणायला खाली उतरतात आणि परत येत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिवरांमध्ये, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, त्यांचा मृतदेह सापडतो. तपासाला एक महिला निरीक्षक येते. संशयित चार: उत्तर प्रदेशातून आलेला वॉचमन, तुर्भे स्टोअर या वस्तीत राहणारी पारधी समाजातली कामवाली, मुसलमान भंगारवाला आणि दिवाळे गावचा होडीवाला, म्हणजे यादीतला 'गाववाला'. शेवटच्या पंधरा मिनिटांत कळतं की खून सोसायटीच्या अध्यक्षाने केला आहे. चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे उभा राहणारा माणूस.

पहिल्या बैठकीत यादीचा प्रश्न मी मांडला तेव्हा दिग्दर्शकाला मनापासून वाईट वाटलं. तो म्हणाला, "पण मी तर प्रेक्षकालाच पकडतोय ना? तुम्ही गरिबावर संशय घेतलात आणि खुनी निघाला तुमच्यातलाच, हेच तर मला सांगायचंय." हा युक्तिवाद हलका नाही. माणूस प्रामाणिक होता आणि कथेचा शेवट खरोखर त्याच बाजूचा होता. मी दोन दिवस त्यावर विचार केला.

मग मी सीन मोजले. होडीवाला नऊ सीनमध्ये होता आणि त्यातल्या सहांमध्ये त्याला एक शब्दही नव्हता. तो नुसता बघायचा. एका सीनमध्ये कोयत्याने मासा कापायचा, एकात अंधारात बिडी ओढायचा, एकात शिक्षिकेच्या खिडकीकडे नजर लावून उभा असायचा. निर्दोष ठरल्यावर त्याला एकही सीन नव्हता. दीड तास आपण प्रेक्षकाला शिकवायचं की या माणसाला भी, आणि मग एका वाक्यात सांगायचं की भ्यायचं कारण नव्हतं. ते वाक्य डोक्याला कळतं. घरी जाताना जेट्टीवर तसाच एखादा माणूस दिसला तर आठवतो तो कोयता. चकवा म्हणून वापरलेला माणूस शेवटी सुटला, एवढ्याने हिशेब फिटत नाही.

हा दोष एकट्या आमच्या दिग्दर्शकाचा नव्हे, हे मी त्यालाही सांगितलं. रहस्यकथेच्या पोटातच तो आहे. 1928 साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यातला एक असा, की नोकराला खुनी ठरवू नये. वरवर हे नोकरांच्या बाजूचं वाटतं. पण कारण दिलं आहे ते वाचलं की कळतं: ते उत्तर फार सोपं पडतं, खुनी कसा दखल घेण्याजोगी असामी हवा. नोकर खून करण्याच्याही लायकीचा नाही! पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने दहा नियम सांगितले. त्यातला पाचवा: कथेत चिनी माणूस असता कामा नये. कारण त्या काळच्या स्वस्त कथांमध्ये कपटी चिनी खलनायकांचा इतका सुळसुळाट झाला होता की ती लेखकांची पळवाट झाली होती. नॉक्सला रोग बरोबर दिसला होता. औषध म्हणून त्याने तो माणूसच कथेतून हाकलला. हे औषध पुढे आमच्याही टेबलावर आलं, त्याबद्दल खाली लिहिते.

आणि आपल्याकडे तर जन्मावरून संशय घेणं हा कधीकाळी कायदाच होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंद ठेवली, हजेरी लावली. तो रद्द झाला 1952 साली. पारधी समाजाने तो कायदा सोसला आहे आणि त्यानंतरची नजर आजही सोसतो आहे. ड्राफ्टमध्ये एक हवालदार कामवालीबद्दल म्हणतो, "यांची जातच तसली." दिग्दर्शक म्हणाला, पोलीस असंच बोलतात. मी म्हटलं, बोलू दे की. हवालदाराचं वाक्य राहू द्या, फक्त त्या क्षणी कॅमेऱ्याने मान डोलावू नये. ड्राफ्टमध्ये त्या वाक्यानंतर लगेच कट होता तिच्या हातावर, आणि तो हात पदराआड काहीतरी लपवत होता. वाक्य हवालदाराचं, दुजोरा आमचा. "सेन्सॉरला हे सहज चालेल," असंही कुणीतरी बोललं. चालेलही. एखाद्या समाजाचा अवमान करणारे शब्द आणि दृश्यं नसावीत, असं सेन्सॉरच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण दिवा कुठे लावला आणि कट कुठे मारला याची नोंद कुठलं मंडळ घेणार?

म्हणून आम्ही एक साधी सवय लावून घेतली. प्रत्येक संशयिताच्या प्रत्येक सीनपुढे पेन्सिलीने लिहायचं: संशय कशावरून? त्याने काय केलं यावरून, की तो कोण आहे यावरून? पहिल्या दिवशी 'कोण आहे' या रकान्यात जवळजवळ सगळं गेलं. वॉचमनचा गुन्हा एवढाच की तो रात्री जागा असतो. अहो, त्याला पगारच त्याचा मिळतो.

आता होडीवाल्याकडे येते, कारण खरं शिकायला मिळालं ते तिथे.

त्याच्या तोंडी ड्राफ्टमध्ये जी भाषा होती ती कुठलीच नव्हती. 'लै', 'न्हाय', 'म्या' असा सातारा-कोल्हापूरकडचा मसाला आणि मधूनच एखादं 'दादूस'. आपल्या पडद्यावर गावाकडचा माणूस म्हटला की एकच भाषा बोलतो, मग तो विदर्भातला असो की खाडीकाठचा. करावेच्या मुलाने ते संवाद वाचून दाखवले आणि तो हसलासुद्धा नाही. "आमच्याकडे खाडीची 'खारी' होते, होडीची 'होरी' होते. हा कोण बोलतोय?" त्याने आणखी एक दाखवून दिलं. ड्राफ्टमध्ये त्या माणसाला सरसकट 'आगरी-कोळी' म्हटलं होतं, गळ्यात जाड चेन होती, आणि त्याचा राग असा की जमिनीचे पैसे उडवून झाले आणि आता तो टॉवरवाल्यांवर जळतो.

तो म्हणाला, "राग दाखवा ना. आहेच राग. पण त्याचं कारण तरी खरं दाखवा."

खरं कारण या शहराच्या पायात आहे. 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नेरूळमध्ये राहणाऱ्या कितीतरी लोकांना 'साडेबारा टक्के' हा फ्लॅटच्या जाहिरातीतला शब्द म्हणून माहीत असतो. त्याला किती रक्त लागलं आहे ते माहीत नसतं. मलाही ठाण्यात वाढून ते वयाच्या तिशीनंतर कळलं. ज्याची जमीन गेली त्याच्या गळ्यातली चेन कॅमेऱ्याला दिसते, कारण चेन दाखवायला सोपी असते.

भाषा कानावर यावी म्हणून आम्ही तिघं एका सकाळी दिवाळे कोळीवाड्यात गेलो. जेट्टीवर नुकत्याच होड्या लागल्या होत्या. टोपलीत कोळंबी, थोडी बोय, चिंबोऱ्या. एक बाई मोरलीवर, म्हणजे विळीवर, मासे साफ करत बसली होती, बाजूला स्टीलच्या पेल्यात चहा, पेल्यावर खवला चिकटलेला. तिचा हात इतका सराईत चालत होता की आमचा कॅमेरामन पाच मिनिटं काही न बोलता बघत राहिला. मग म्हणाला, "आपण हेच अंधारात, खालून लाइट मारून शूट करणार होतो." तेच पातं, तोच मासा. सकाळच्या उन्हात ते रोजचं काम होतं. भीती आम्ही आमच्या दिव्यांतून आणणार होतो.

तिथल्या एका वयस्कर दादांना आम्ही गोष्ट थोडक्यात सांगितली. ड्राफ्टमध्ये अध्यक्ष जबानी देतो की कोजागरीला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याने गच्चीवरून पाहिलं, शिक्षिका होडीत बसल्या आणि होडी बाहेर निघाली. ही जबानी आम्ही खरी धरली होती. पुढे तिचा निरुपद्रवी खुलासा होता. दादा मधेच थांबवून म्हणाले, "पुनवेला सांजच्याला खारीन पानी कुठं? होरी चिखलान बसंल."

आम्ही गप्प झालो. मग त्यांनी सावकाश समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या आसपास लागते. म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला पुरती ओहोटी. त्यातून ती उधाणाची, पाणी एरवीपेक्षा खूप मागे हटतं. त्या वेळी तिथे नुसता चिखल. होडी निघणार कशी?

आमच्या रहस्यपटाच्या मधोमध भलंमोठं भोक होतं. तीन ड्राफ्ट झाले, चार-पाच शिकलेल्या माणसांनी वाचले, कुणालाच दिसलं नाही. ज्याला आम्ही नाव द्यायला विसरलो होतो, त्याच्या रोजच्या जगण्यात ते स्वच्छ दिसत होतं.

परतीच्या गाडीत दिग्दर्शकाने रहस्याची किल्लीच बदलली. अध्यक्ष खोटं बोलतो आहे, आणि ते खोटं पकडलं जातं भरतीच्या वेळेवरून. वीस वर्षं खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या माणसाला खाडीचं वेळापत्रक माहीत नाही. त्याने तिच्याकडे फक्त देखावा म्हणून पाहिलं. मला हा बदल इतका आवडला की त्या रात्री झोप आली नाही.

पण दुसऱ्या सापळ्यात आम्ही लगेच पाय टाकला. पुढच्या ड्राफ्टमध्ये होडीवाला एकदम ज्ञानी झाला. शांत, समजूतदार, समुद्राचं गुपित सांगून निरीक्षकबाईंचा तपास पुढे ढकलणारा. कोयता गेला आणि डोक्यामागे तेजोवलय आलं. त्यातही तो इतरांच्या कामापुरताच होता. शिवाय रहस्यपटात जो संत आहे तो संशयित राहत नाही, म्हणजे तो खेळातूनच बाद. त्याला पूर्ण भाग द्यायचा तर त्याच्याकडेही लपवायला काहीतरी हवं.

ते काय असावं यावर आम्ही आठवडा घालवला. शेवटी सापडलं ते असं. त्या रात्री भरतीला तो तिवरांजवळ होताच. त्याचा पुतण्या डंपर चालवतो आणि रात्री खारफुटीत राडारोडा टाकतो. खारफुटीला हात लावायला उच्च न्यायालयाने सक्त मनाई केलेली आहे, पकडला गेला तर पोरगा अडकणार. आणि तो राडारोडा काकाच्याच मासळीच्या मुळावर येतो आहे. काका त्या रात्री त्याला अडवायला गेला होता. म्हणून तो भरतीबद्दल बोलत नाही. बोलला तर त्या वेळी तू तिथे काय करत होतास, हा प्रश्न येईल. निरीक्षक त्याच्यावर संशय घेते, आणि रास्त संशय घेते, कारण तो खरोखर काहीतरी दडवतो आहे. आमच्या पेन्सिलीच्या रकान्यात पहिल्यांदाच 'काय केलं' या बाजूला मोठी नोंद झाली. आणि हो, त्याला नाव मिळालं. करावेच्या मुलाने त्याला बाह्या दुमडलेला, कॉलर विरलेला निळा शर्ट दिला.

भूमिकेसाठी आधी पुण्याचा एक परिचित नट ठरत होता आणि लूक टेस्टला त्याचा रंग सावळा करण्याची चर्चा झाली होती. ती चर्चा मला आजही बोचते. शेवटी गावच्या नाटकांत वर्षानुवर्षं काम केलेला एक माणूस घेतला, आणि निर्मात्यांना हवा असलेला ओळखीचा चेहरा निरीक्षकाच्या भूमिकेत आला.

कामवालीच्या बाबतीत मी चुकत होते. मी तिला स्वच्छ करायला निघाले होते. मूळ कथेत ती अध्यक्षाला शिक्षिकेच्या घराची किल्ली देते आणि त्याबद्दल पाचशे रुपये घेते. आत काय होणार याची तिला कल्पना नसते, पण पुढे ती पोलिसांशी खोटं बोलते. मला वाटलं, पारधी बाई आणि त्यात पैसे घेऊन किल्ली, हे नकोच. पैसे काढून टाकू, किल्ली फसवून नेली असं करू. भूमिका करणारी अभिनेत्री स्वतः विमुक्त समाजातली, म्हणजे त्या 1871 च्या कायद्याच्या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींपैकी एका जमातीतली आहे. वाचनाला तिने माझी दुरुस्ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "ताई, मला बिचारी करू नका. पाचशे रुपये राहू द्या. फक्त ती खोटं का बोलते, ते मला एका सीनमध्ये सांगू द्या."

तो सीन मी तिच्यासमोर बसून लिहिला. निरीक्षक विचारते, आधीच का नाही सांगितलंस? ती म्हणते, "खरं सांगून आमच्यातलं कोण सुटलंय, ते सांगा, मग मी सांगते." पदराआडच्या हाताचा कट गेला. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर राहतो, आणि खाली नजर जाते ती निरीक्षकाची.

भंगारवाल्याचं मात्र वाईट झालं, आणि त्याबद्दल माझी तक्रार मी इथेही नोंदवते. त्याच्या पात्रावर काम करायला वेळ उरला नव्हता. वाद नको म्हणून त्याला ड्राफ्टमधून काढलं. नॉक्सचा पाचवा नियम, नव्वदहून जास्त वर्षांनी, नेरूळमध्ये! निर्मात्यांना वाटलं प्रश्न मिटला. माझ्या मते प्रश्न वाढला. ज्या सेक्टरमध्ये सकाळी भंगारवाल्याची हाक ऐकू येत नाही तो सेक्टर मी तरी पाहिलेला नाही. सोसायटीच्या जुन्या कागदांची रद्दी त्याच्याकडे जाते. शिक्षिकेने शोधलेली हिशेबाची वही त्याच्या दुकानात सापडू शकली असती. ती हरवू नये म्हणून त्याने बाजूला ठेवली की विकायला, यावर अख्खा सीन उभा राहिला असता. आपण कुणाला वाईट दाखवलं नाही, एवढंच आता आम्हाला म्हणता येतं. तो माणूसच नाही.

गेल्या महिन्यात वाशीत एका छोट्या हॉलमध्ये रफ कट दाखवला. पार्श्वसंगीत नव्हतं, रंग नीट केलेले नव्हते. तीस-एक माणसं. नेरूळ-सीवूडच्या सोसायट्यांतली काही, ठाण्याची माझी ओळखीची काही, दिवाळे आणि करावेहून आलेली काही. मध्यंतरात सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या: खून कुणी केला असं वाटतं, आणि कशावरून?

होडीवाल्याचं नाव चारच चिठ्ठ्यांत होतं आणि चारही जणांनी कारण लिहिलं होतं: काहीतरी लपवतोय. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. त्याला जे हवं होतं ते हेच.

वॉचमन अकरा चिठ्ठ्यांत होता. कारणाची जागा बहुतेकांनी मोकळी सोडली होती. एकाने लिहिलं होतं, "माहीत नाही, पण वाटतो."

दुसऱ्या दिवशी संकलकाबरोबर बसून आम्ही त्याचे सगळे सीन पुन्हा पाहिले. आम्ही त्याला नाव दिलं होतं, गावी फोनवर बोलतानाचा सीन दिला होता, सगळं दिलं होतं. आणि तरी दुसऱ्या रिळाच्या सुरुवातीला, गेटवर, टॉर्चच्या उजेडात त्याचा क्लोजअप नऊ सेकंद थांबत होता. तो पहिल्या शेड्यूलमध्ये घेतलेला शॉट, जुन्या ड्राफ्टचा. सुंदर आहे म्हणून कुणी काढला नव्हता. तो आता निघाला आहे, आणि त्याच्या जागी गेटच्या वहीत नोंद करतानाचा त्याचा हात आला आहे.

चिठ्ठ्यांमध्ये एक वेगळी होती. दिवाळ्याहून आलेल्या एका आजींनी नातीकडून लिहून घेतलेली. खुनी म्हणून अध्यक्षाचं नाव बरोबर लिहिलं होतं, निरीक्षकाला कळायच्या चाळीस मिनिटं आधी. खाली कारण: "पुनवेची होरी सांजची निघत नाय."

दिग्दर्शकाला काळजी वाटली, उत्तर इतक्या लवकर कळतंय. त्याला जबानीतली वेळ थोडी धूसर करायची होती. मी, कॅमेरामन आणि करावेचा मुलगा, तिघांनीही नको म्हटलं. वेळ तशीच ठेवली आहे: सहा वाजून तीस मिनिटं, अध्यक्षाच्या तोंडून, स्पष्ट.